‘ओरिजिनल’ कार्ड विकता, तर भिंग लावू द्या

महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतील मॉलमध्ये, तसेच शनिवार-रविवारी भरणाऱ्या हॉबी प्रदर्शनांत पोकेमॉन या जपानी कार्ड-खेळाच्या ‘दुर्मीळ’ कार्डांची विक्री सध्या जोरात सुरू आहे. शाळांजवळच्या स्टेशनरी दुकानांत किरकोळ किमतीला मिळणारी सोनेरी, चकचकीत कार्डे ही उघड उघड खेळणी आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हजारो रुपये घेऊन ‘ओरिजिनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पण जवळून पाहू का असे विचारताच विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या उमटवणाऱ्या कार्डांबद्दल. माझी उमेद वागळे इस्टेटमधील ऑफसेट छापखान्यात गेली. त्यामुळे या व्यवहाराकडे मी संग्राहकाच्या नव्हे, तर मुद्रकाच्या नजरेने पाहतो.

अस्सल कार्ड ऑफसेटवर छापलेले असते. घड्याळजी डोळ्याला लावतात तसल्या भिंगातून पाहिले, तर चित्राचा भाग निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या सुबक, फुलासारख्या रचनेत दिसतो. अक्षरे मात्र काळ्या शाईच्या प्लेटवरून सलग उतरलेली असल्यामुळे भरीव आणि कडेला स्वच्छ असतात. नक्कल करणाऱ्याकडे मूळ फाइल नसते. तो छापील कार्ड स्कॅन करून पुन्हा छापतो, आणि त्या खटाटोपात काळी अक्षरेसुद्धा रंगीत ठिपक्यांत फुटतात. सराईत मंडळी मजकूर नव्याने जुळवून ही खोड झाकतात, पण मग अक्षरांचे वळण, ऊर्जा-चिन्हांचा आकार किंवा पाठीमागच्या निळ्या रंगाची छटा त्यांना दगा देते. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या १९९३ पासूनच्या खेळाचे संग्राहक तर कार्डाच्या पाठीवरील हिरव्या वर्तुळात इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे मांडलेले चार लाल ठिपके भिंगाने शोधतात. इतका बारकावा स्कॅनमधून सहसा टिकत नाही.

कार्डाची कडही बोलकी असते. पोकेमॉनच्या अनेक अस्सल कार्डांत दोन पांढऱ्या थरांच्या मधोमध काळसर रेघ दिसते, तर स्वस्त नकलेत एकसंध पांढरा पुठ्ठा असतो आणि त्यातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड सहज आरपार जातो. तरीही केवळ टॉर्चवर निकाल देऊ नये, कारण कागद काळानुसार आणि छापखान्यानुसार बदलत गेला आहे. त्यापेक्षा त्याच संचातले एखादे साधे, खात्रीचे आणि कवडीमोल कार्ड शेजारी ठेवून जाडी, गुळगुळीतपणा आणि रंग ताडून पाहावा. कार्ड वाकवून पाहण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो कृपया दुसऱ्याच्या मालावर अमलात आणू नये.

नुसते अस्सल असणेही पुरेसे नसते. १९९९ मध्ये इंग्रजीत आलेल्या १०२ कार्डांच्या पहिल्या संचातील चौथ्या क्रमांकाचा चॅरिझार्ड (पोकेमॉनमधील एक पात्र) सर्वांनाच हवा असतो, आणि त्यातही पहिल्या आवृत्तीचा. त्या आवृत्तीत चित्राच्या चौकटीच्या उजवीकडे सावली नसते. म्हणून सावली असलेल्या चॅरिझार्डवर पहिल्या आवृत्तीचा शिक्का दिसला, तर तो मागाहून मारला असल्याचा संशय घ्यावा.

सर्वांत जास्त फसगत होते ती गुणांकन केलेल्या, म्हणजे एखाद्या कंपनीने तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या कार्डांबाबत. डबी दिसली की लोक कार्डाकडे पाहणेच सोडतात. डबीही बनावट असते आणि तिच्यावर दुसऱ्याच खऱ्या कार्डाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे त्या कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक बरोबर निघतो. तेथे छायाचित्र उपलब्ध असेल, तर कडेची पांढरी-पिवळी पट्टी चारही बाजूंनी किती रुंद आहे, ओरखडे कुठे आहेत, हे हातातल्या कार्डाशी जुळवलेच पाहिजे. शिवाय खरी डबी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या जगप्रसिद्ध टी-२०६ कार्डाला पीएसए या गुणांकन कंपनीने दहापैकी आठ गुण दिले होते. किंमत वाढावी म्हणून त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. २०२५ च्या सुरुवातीला तर १९९६ च्या सुमाराचे, खेळ तयार होत असतानाचे चाचणी-नमुने म्हणून प्रमाणित झालेल्या काही पोकेमॉन कार्डांवर रंगीत प्रिंटर गुपचूप उमटवतात ते, छपाईची तारीख सांकेतिक रूपात सांगणारे फिकट पिवळे ठिपके सापडले आणि त्यांत छपाईचे वर्ष २०२४ निघाले. आम्हा मुद्रकांना या बातमीचे हसू आले खरे, पण ज्यांचे पैसे गेले त्यांना ते येणार नाही.

कायदा या बाबतीत अपुरा नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. परंतु प्रदर्शनातल्या टेबलावर बिल मागितले, तर बहुधा ‘यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे ना’ असे उत्तर मिळते. त्या स्क्रीनशॉटवर कार्डाचे नावही नसते.

म्हणून प्रदर्शनांना जागा देणाऱ्या मॉल व्यवस्थापनांना आणि आयोजकांना माझी विनंती आहे की, टेबल देतानाच विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: ग्राहकाला भिंगाने कार्ड तपासू दिले जाईल, आणि संच, क्रमांक, आवृत्ती व ‘अस्सल’ हा शब्द लिहिलेले सही-शिक्क्याचे बिल दिले जाईल. ज्याला हे लिहून देणे जड जाते, त्याला पुढच्या वेळी टेबल देऊ नये.

– एक निवृत्त मुद्रक, नौपाडा, ठाणे