डिकीतली बंदूक

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दिवाळीला येते तेव्हा बंदूक डिकीत टाकून पुण्याला नेते. तुमच्यामागची कटकट तरी जाईल." मी नुसतं "बघू" म्हटलं, कारण मागे तुझ्या ऑफिसातली माणसं बोलत होती. रात्री मात्र डोळा लागला नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू ऐकत नाहीस, लिहिलेलं निदान वाचतेस.

गाडी तुझी, बंदूक आपली, परवाना आहेच, मग अडचण काय, असं तुझं म्हणणं. अडचण एवढीच की परवाना माझ्या नावाचा आहे. घराच्या नाही, गाडीच्याही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक वाहून न्यायला एक फट ठेवली आहे: परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, आणि काम दुरुस्तीचं, परवान्याच्या नूतनीकरणाचं किंवा त्याच्याच वापरासाठी असेल, तर चालतं. तुझ्या फ्लॅटमध्ये आजोबांची आठवण म्हणून टांगणं यातल्या कशात बसत नाही. मी चिठ्ठी दिली तरी नाही. पकडलं तर ती विनापरवाना बंदूकच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, वर दंड. "माझ्या वडिलांची आहे हो" हे कोर्टात सांगायला वकील लावावा लागतो.

आणि तू जाणार कुठून? फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. तो रस्ता अभयारण्यातून जातो.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो, तुझ्या आईलासुद्धा निम्मंच माहीत होतं. १९९६ साल असेल. घोडा अडकत होता म्हणून एका मित्राच्या जीपमधून बंदूक कोल्हापूरला दुरुस्तीला नेली होती. संध्याकाळी परत निघालो. घाटाच्या अलीकडे नाकाबंदी. हवालदाराने मागच्या सीटवरचं गोणपाट उचललं, परवाना मागितला, आणि मी खिसे चाचपतोय! परवान्याचं पुस्तक नोंदीसाठी दुकानदाराच्या टेबलावर ठेवलं होतं, ते तिथेच राहिलेलं. त्याने बंदूक मधून उघडली आणि नळी चौकीतल्या ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटून आत बघितलं. नळी रिकामी होती, पण माझ्या शर्टाच्या खिशात दोन काडतुसं. तीही टेबलावर मांडली, खडूच्या तुकड्यांसारखी. रात्रभर बाकड्यावर बसलो. दुकानदाराने पुस्तक सकाळच्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं, तेव्हा जबाब घेऊन सोडलं. चौकीतला साहेब भला होता. त्यानेच सांगितलं की वन्यजीव कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरताच येत नाही. हमरस्त्याने जाणाऱ्या माणसाला मुभा आहे, त्याच्या हत्याराला नाही. मी तर सकाळी त्याच वाटेने बंदूक घेऊन गेलो होतो. तेव्हा गप्प बसलो.

त्या रात्री आणखी एक कळलं. परवाना असला तरी ज्या रीतीने तू शस्त्र नेतेस त्यावरून ते बेकायदा कामासाठी आहे असा पोलिसाला वाजवी संशय आला, तर तो वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. शस्त्र कायद्यातच ते लिहिलंय. गोणपाटाखाली दडवलेली बंदूक म्हणजे संशयाला आमंत्रणच की. २०१६ च्या शस्त्र नियमांत तर स्पष्टच आहे: सार्वजनिक जागी लांब नळीची बंदूक तिच्यासाठी केलेल्या आवरणात, पूर्ण झाकलेली, आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवी. ताब्यात म्हणजे, बाये, तू हायवेवर मिसळ खायला उतरलीस आणि ती डिकीत राहिली, तर ताबा कुणाचा? डिकीच्या कुलुपाचा. २०२४ मध्ये लोकसभेच्या आणि मग विधानसभेच्या निवडणुकीला, दोनदा मी ती पोलीस ठाण्यात जमा केली. दोन्ही वेळा रिक्षात मांडीवर आडवी घेऊन गेलो, परवाना वरच्या खिशात. शेजारच्या पोरांना हसू येत होतं.

आता कटकटीचं. मला सत्तर पूर्ण झाली. त्याच नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. वारस म्हणजे मुलगीसुद्धा. तुझ्या भावाला विचारलं, तो म्हणाला, "मला नको ती भानगड." मला तुझंच नाव द्यायचंय. पण हा परवाना पीक संरक्षणाचा, आपल्या शेतापुरता. पुण्यात तुझ्या चौथ्या मजल्यावर कुठले काजू आणि कुठले डुक्कर? तेव्हा परवाना तुझा झाला तरी बंदूक इथेच राहील. तू येशील तेव्हा ती तुझी. आणि येणारच नसशील तर तसं सांग, मी ती कायमची जमा करून टाकतो. वाईट वाटणार नाही असं म्हणत नाही, पण डिकीतून जाण्यापेक्षा ते बरं.

विचार कर. हो असेल तर दिवाळीच्या सुट्टीला जोडून कामाचा एखादा दिवस काढ, ओरोसला जिल्हाधिकारी कचेरीत जाऊ. फोटो आणि आधार घेऊन ये, तब्येतीचा दाखला लागतो तोही बघून ठेव.

तोवर बंदूक कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत, चाव्या माझ्या जानव्याला. येताना एखादी जुनी सुती साडी आण. नळी पुसायला तुझ्या आईच्या होत्या, त्या संपल्या.

तुझा,
बाबा