हलगीची सुपारी

माझी माय,

काल तुझा फोन ठेवला आणि मग झोपच लागली नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर माझा गळा भरून येतो आणि सांगायचं तेच राहून जातं. संभाजीनगरच्या त्या बँडला एका संध्याकाळपुरती हलगी पाहिजे आणि त्यांनी तुला विचारलं. तू म्हणलीस पप्पा एकच तर गिग आहे, 40 मिनिटं, त्यात काय एवढं.

लई काही आहे माय. तुझ्या आजोबांच्या खांद्याला हलगी आली ती त्यांना विचारून आली नाही. पोळ्याला बैलांपुढं, लग्नात वरातीपुढं, कुणी मेलं तर तिरडीपुढं वाजवायची, आणि जेवणाची वेळ झाली की मांडवाच्या बाहेर बसायचं. बदल्यात सुगीला पायली दोन पायली ज्वारी, ती पण मागावी लागायची. 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. आपल्याच समाजातला माणूस. मी तेव्हा पहिलीत होतो, मला एवढंच आठवतं की आजोबांनी हलगी खुंटीला टांगली आणि पुन्हा गावाच्या बोलावण्याला गेले नाहीत, त्यापायी वर्षभर कुणी कामाला बोलावलं नाही तरी नाही.

नंतर त्यांनी ती एकदाच काढली. 14 जानेवारी 1994, विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, नामविस्तार झाला त्या रात्री उदगीरला. हिवाळ्याचे दिवस, कातडं ढिलं पडलेलं, मी पेपर जाळून जाळून ते ताणायला शेकत होतो आणि ते वाजवत होते, पहाटेपर्यंत, कुणी बोलावलं नव्हतं, कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. आयुष्यभर वाजवलं त्यांनी पण मला विचारशील तर त्यांचा कार्यक्रम तो एकच. म्हणून तू एकच तर गिग म्हणलीस ना, ते मनात अडकून बसलं.

तू जा. नक्की जा. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेव.

सुपारी आधी ठरव, किती ते स्पष्ट विचार आणि अर्धे पैसे इसार म्हणून घे. मैत्रीत कसं मागू असं मनात आणू नको, गिटारवाल्याला मिळतात तेवढेच हलगीवालीला. आणि बाकीच्यांची नावं घेताना तुझं नाव आणि हलगीचं नाव दोन्ही माइकवर घ्यायला सांग, नुसतं "गावाकडचं वाद्य" नको.

हॉलमधे एसी असणार, कातडं उतरलं, म्हणजे ढिलं पडलं, तर तिथं जाळ करता येत नाही. प्लास्टिकच्या पानाची, स्क्रूवर ताणायची हलगी मिळते, ती शेकायला लागत नाही, पण आपल्या कातड्याचा आवाज तिला येत नाही असं माझं मत आहे. इस्त्री ने सोबत, गरम करून कातड्याच्या थोडी वर धर, टेकवायची नाही, आणि स्टेजवर जायच्या अगदी आधी कर. माइक हलगीला चिकटवू देऊ नको, दीड दोन फूट लांब ठेवायला लाव, नाहीतर आवाज फुटतो आणि सगळे हलगीलाच दोष देतात. साउंड चेकला ड्रमरसोबत बसून ठरवा कुठं त्यानं थांबायचं आणि कुठं तू, कारण त्याचा स्नेअर ड्रम आणि तुझं टिपरू, हलगीवर मारायची काठी, एकाच जागी पडले तर दोघांचंही काही ऐकू येत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे लय. आपण मिरवणुकीत शिकलेले लोक, पब्लिक नाचायला लागलं की आपला हात आपोआप पळतो, आणि मिरवणुकीत ते बरोबरच आहे, तिथं लोकच लय धरतात. बँडमधे गाणं ठरलेल्या लयीत जातं. पोरं उड्या मारायला लागली तरी तू गाणाऱ्याकडं बघ, डाव्या हातातली बारीक काडी मोकळी ठेव आणि कान बास गिटारवर ठेव. शेवट कशावर करायचा ते आधी डोळ्यानं ठरवून घ्या, एका रात्रीच्या कार्यक्रमात रिहर्सल पुरत नाही, तिथं शेवटच फसतो.

आजोबांचं टिपरू उद्याच्या बसनं पाठवतोय, कंडक्टर ओळखीचा आहे, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलंय. पकडायच्या जागी त्यांच्या अंगठ्यानं खळगा पडलाय, तुझा अंगठा बारीक आहे, तिथं थोडी चिंधी बांध पण तासू नको. सकाळी स्टँडवर जाऊन घे आणि मिळालं की लगेच मिसकॉल दे.

तुझा पप्पा