अक्का, तुमची टिकली अजून चौकटीवर आहे

ती. अक्का,
सा. न.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही मशीनचं चाक जोरात फिरवता आणि म्हणता, "बास करा बाई." म्हणून लिहून मोकळी होते आहे, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहिते आहे. तुमची नात वाचून दाखवेल.

मी तुमच्याकडं आले होते ब्लाउजाचं काम घेऊन. मागचे हूक पुढं घ्या आणि मुंढा सैल करा, एवढंच. उजवा हात मागं जात नव्हता, वर जात नव्हता. वेणी घालता येईना. शाळेत मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. वर तारीख आणि सुविचार लिहायला चौथीतली एक पोरगी बाकावर चढायची. "बाई, तुम्ही खालीखालीच का लिहिता?" हे पहिल्यांदा तिनंच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, साखर असणाऱ्यांना जास्त होतो, व्यायाम करा. कोणता, किती, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. कोकणातून लोक कुलदेवी म्हणून जिच्या दर्शनाला येतात त्या योगेश्वरीच्या अंबाजोगाईत राहून हिला योग जमेना, असं घरात हसणं व्हायचंच. तीन महिन्यांची फी आगाऊ भरून मी एका वर्गाला गेले. तिथल्या सरांनी तिसऱ्या दिवशी पंधरा बायकांसमोर माझा हात धरला आणि वर ओढला. "मनावर घ्या जरा, वय काय एवढं झालंय?" दुखण्याच्या काळात हा खांदा असा ओढला की आणखी धरतो, हे मला नंतर कळलं. त्यांना आधी माहीत असायला हवं होतं. आठ रात्री त्या कुशीवर झोपता आलं नाही. फी परत मागितली नाही, तेवढी माझीही चूक.

मग पुण्याच्या भाच्यानं जांभळी मॅट पाठवली आणि तीस दिवसांचे व्हिडिओ. पहिल्याच व्हिडिओतल्या मुलीनं दोन्ही हात कानाला लावून हसत "श्वास घ्या" म्हटलं, तिथंच मी मोबाइल पालथा घातला. मॅट सध्या ज्वारीच्या पोत्याखाली आहे. ओल लागत नाही.

तर अक्का, तो ब्लाउज द्यायला तुम्ही स्वतः घरी आलात. तिन्हीसांजेची वेळ होती. चहा नको म्हणालात आणि विचारलंत, "हात कुठवर जातो, दावा बरं." तोवर प्रत्येकानं विचारलं होतं, हात वर का जात नाही. कुठवर जातो, हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलंत आणि चौकटीवरून बोटं मुंगीसारखी वर चालवायला लावलीत. "दुखायच्या आधी थांबायचं." माझा हात हनुवटीपाशी थांबला. मला लाज वाटली. तुम्ही स्वतःच्या कपाळावरची मरून टिकली काढलीत आणि माझ्या बोटांच्या टोकाशी चौकटीवर चिकटवलीत.

"हे तुमचं आजचं माप. उद्या बी इथवरच. म्होरं गेला तर जाऊ द्या, पर वडायचं नाही."

आणि तुम्ही निघालात. मी कुंकवाचा करंडा घेऊन येईपर्यंत तुम्ही चपला घातल्या होत्या. दिवेलागणीला मोकळ्या कपाळानं आख्ख्या गल्लीतून चालत गेलात. आपल्याकडं सवाष्ण बाई असं करत नाही, आणि बघणाऱ्यांची आपल्या गल्लीत कमी नाही. तुमच्या ते ध्यानातही नसेल. माझ्या मात्र त्या रात्री हातापेक्षा तुमचं कपाळच जास्त डोळ्यासमोर होतं.

शिंप्याचं माप असंच असतं ना? आहे तेवढं घ्यायचं. गिऱ्हाइकाचं अंग कसं असायला हवं होतं, यावर शिंपी भाषण देत बसत नाही. मास्तरांनी हे शिकायला हवं. त्यात मीही आले. माझ्याही वर्गात अशी पोरं आहेत ज्यांना मी नुसतं ओढत आले.

दुसऱ्या दिवशी टिकली दिसली म्हणून उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही. चहाचं आधण उकळेपर्यंत, एवढाच वेळ. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्या दिवशी घरात सगळंच उलटंपालटं होतं. तुम्ही म्हणालात, "हौद भरूस्तोवर काय करता? नळीकडं बघत बसता." तेव्हापासून पाण्याच्या दिवशी उलट जास्तच होतं. पुढं मार्जारासन आलं, भुजंगासन आलं. गोमुखासनात पाठीमागं हाताला हात मिळेना, तेव्हा तुम्ही परकराची नाडी दिलीत, दोन टोकं दोन हातात. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे घेऊन आसनं शिकवली, हे मी नंतर वाचलं. तुम्ही नाडीवर भागवलंत.

मधे भाचीच्या लग्नात अकरा दिवस बुडाले. तुम्हाला तोंड चुकवत होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "टिकली हाय का जाग्यावर? मग झालं की."

पतंजलींच्या सूत्रात अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्कारानं. तिथं सत्कार म्हणजे मनापासूनचा आदर. आमच्याकडं २१ जूनला, योगदिनाला, सत्कार म्हणजे शाल आणि श्रीफळ. व्यासपीठ, माइक, पाहुणे, पोरं उन्हात, आणि २२ जूनला सतरंज्या पुढच्या वर्षीपर्यंत घडी करून ठेवलेल्या. तुम्हाला कुणी कधी त्या व्यासपीठावर बोलावलं नाही. बरंच झालं म्हणा.

खरं तेच सांगते. हा खांदा पुष्कळदा आपला आपणही सुटतो. दीड-दोन वर्षं घेतो, कधी तीन. त्यामुळं खांदा तुम्ही बरा केलात असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू देणार नाही. पण रोज सकाळी स्वतःसाठी दहा मिनिटं उभं राहायचं, हे मला चोपन्न वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण मदत करताना आपल्याला खुजं करतात. फी घेणारे करतात, फुकट करणारे तर जास्तच. तुमच्यासारखी माणसं मात्र माप घेतात, टाके घालतात आणि निघून जातात. ब्लाउजाची शिलाई तेवढी घेतलीत, तीही सुटे परत करून.

चौकटीवर आता सात टिकल्या आहेत, एकाखाली एक. सगळ्यात खालची तुमची. दिवाळीत रंग द्यायला आलेला माणूस खरवडायला निघाला होता, त्याला म्हटलं, तेवढी पट्टी राहू दे.

गेल्या सोमवारी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख मी स्वतः लिहिली. बाकावर चढायला निघालेली पोरगी हिरमुसून तशीच उभी राहिली. मग खडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, सुविचार तूच लिही.

तुमची,
पुढच्या हुकांची बाई