पदकाला कडही असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

26 जानेवारीच्या अंकात पोलीस आणि अग्निशमन दलातल्या पदकविजेत्यांची यादी येते. लोक त्यात ओळखीचं नाव शोधतात, मी गिऱ्हाईक शोधतो. नायगावात माझं फ्रेमचं दुकान आहे, आठ बाय दहाचं. पोलीस लाइन जवळच. यादी लागते तेव्हा लगेच कोणी येत नाही, कारण मेडल प्रत्यक्ष हातात पडायला पुढे कितीतरी महिने जातात. मग एके दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून डबी निघते, सोबत रबरबँड लावलेली सर्टिफिकेटची गुंडाळी. मागणी ठरलेली असते. "दोन्ही एकाच फ्रेममध्ये घ्या, आणि मेडल हलता कामा नये."

या "हलता कामा नये"वरच मला लिहायचं आहे. कारण ते ऐकून मी एकदा जे केलं ते अजून निस्तरतो आहे.

2003 सालची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर एक निवृत्त हवालदार आले. पोलीस पदक मिळालेलं, ब्राँझचं, 35 मिलिमीटर व्यासाचं, वर रिबन. मी लाल मखमलीवर दोन ट्यूबा मिसळून करतात तो पक्का डिंक लावला आणि मेडल दाबून बसवलं. रिबन लांब वाटली म्हणून मागून कापली. सर्टिफिकेट पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी चिकटवलं, वरून काच थेट टेकवली, मागे हार्डबोर्ड लावून चुका मारल्या. आमच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. त्या दिवशी मारलेल्या सगळ्याच काही लोखंडी नव्हत्या. हवालदारकाकांनी फ्रेम हातात घेऊन हलवून पाहिली, मेडल जागचं हललं नाही, आणि खूश होऊन त्यांनी पोराला समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा आणायला लावला.

काका गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा तीच फ्रेम घेऊन आला. सर्टिफिकेटवर खालच्या कोपऱ्यात बुरशीचे करडे ठिपके, वरचा कागद काचेला चिकटलेला, आणि सही? निळ्या शाईची सही इतकी उडालेली की कागद तिरका धरला तरच ओरखड्यासारखी दिसे. छापील मजकूर मात्र काळाकुट्ट. मखमलीवर मेडलच्या भोवती हिरवट वर्तुळ उमटलं होतं. कळंकलेलं.

तो म्हणाला, "काका, मेडल बाहेर येईल का? बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, त्याच्यावर माझं नाव आहे. आम्हाला वाटायचं, सर्टिफिकेटवरच्या नावाबद्दल बोलताहेत. पुढून तर कुठे नाव दिसत नाही."

मी चष्मा लावून पाहिलं. नाव पुढे नसतंच. पोलीस पदकाच्या कडेवर, नाण्याला जिथे खाचा असतात त्या अरुंद पट्टीवर, ज्याला मिळालं त्याचं नाव कोरलेलं असतं. वीस वर्षं ते नाव माझ्या डिंकात बुडालेलं होतं.

मेडल काढायला मला तीन दिवस लागले. आधी मखमलीसकट पुठ्ठा चौकोनी कापून घेतला. मग पुठ्ठा ओल्या कापसाने मऊ करून बांबूच्या काडीने पापुद्रे सोडवत गेलो. पुठ्ठा सुटला, डिंक नाही. पातं लावलं असतं तर ब्राँझवर चरा उठला असता, म्हणून थांबलो. कडेवरचं नाव वाचता आलं, शेवटची दोन अक्षरं सोडून. ती अजून त्या पिवळसर थराखाली आहेत. मुलाने अंगठा फिरवून नाव चाचपलं आणि काही बोलला नाही. पैसे विचारले, मी घेतले नाहीत, यात मोठेपणा अर्थातच काही नाही.

तेव्हापासून दुकानात मेडलला डिंक बंद. मेडल ही वस्तू आहे, फोटो नाही. तिला पुढची बाजू असते, मागची असते आणि कड असते. परमवीर चक्राचंच पाहा. त्याची घडण सावित्रीबाई खानोलकरांनी केली. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत अक्षरं आहेत, त्यांच्यामध्ये कमळं आहेत, आणि ते ज्या आडव्या पट्टीला लटकतं ती पट्टी फिरती ठेवलेली आहे. आणि आपण मेडल मिळालं की पहिल्याच आठवड्यात त्याची पाठ आणि कड कायमची गाडून टाकतो.

मग करायचं काय? मी आता बॉक्स फ्रेम करतो, म्हणजे काच आणि मागचा बोर्ड यांच्यात बोटभर खोली. फोम बोर्डात मेडलच्या मापाचा गोल कापतो, किंचित तंग, म्हणजे मेडल निम्म्या जाडीपर्यंत आत बसतं आणि डिंकाशिवाय तिथेच राहतं. रिबनसाठी माउंटला, म्हणजे काचेमागच्या जाड पुठ्ठ्याला, वर एक आडवी चीर. रिबन त्यातून मागे घ्यायची आणि सुती दोऱ्याचे चार टाके घालायचे. कापायची नाही, उरलेली मागे घडी करून ठेवायची. मागचा बोर्ड चुकांनी न ठोकता फिरकीच्या चार पट्ट्यांनी बंद करतो. वर्षातून एकदा उघडा, मेडल हातात घ्या, मुलांच्या हातात द्या, परत बसवा. हलता कामा नये म्हणणाऱ्याला मी फ्रेम हलवून दाखवतो. हलत नाही.

कागदाचं प्रकरण जास्त नाजूक आहे, आणि मुंबईत तर फारच. जुलैत कागद दमट हवा पिऊन फुगतो, जानेवारीत आकसतो. चारी बाजूंनी चिकटवलात तर फुगायला जागा नसते, मग मधेच पोट येतं. म्हणून तो मोकळा हवा. मी पारदर्शक पॉलिएस्टरचे चार कोपरे माउंटला लावतो आणि सर्टिफिकेट नुसतं त्यात खोचतो, फोटोच्या अल्बमसारखं. कागदाला डिंकाचा स्पर्श नाही. पूर्वी आम्ही खळ वापरायचो, तिला कसर लागू नये म्हणून बाइंडर लोक त्यात मोरचूद घालत. कीड मरायची हे खरं, पण तांब्याच्या त्या क्षाराने पुढे कागदही तपकिरी पडतो हे मला फार उशिरा कळलं. कागद-संवर्धनाचं शिकलेल्या एक ताई आजोबांचा फोटो घेऊन आल्या होत्या, त्यांनी माझ्या खळीच्या डब्याकडे पाहून कपाळाला हात लावला. हार्डबोर्डबद्दलही त्यांनीच सांगितलं. लाकडी भुशाच्या बोर्डातलं आम्ल कागदात उतरतं. जुन्या फ्रेमा उघडल्यावर माउंटच्या खिडकीच्या कडेने जी भाजल्यासारखी रेघ दिसते, ती साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने पडते. आम्ल नसलेला माउंट बोर्ड महाग पडतो, गिऱ्हाईक कुरकुरतं, मी त्याला जुनी रेघ दाखवतो. काच कागदाला टेकू द्यायची नाही एवढं तरी प्रत्येक फ्रेमवाल्याकडून मागून घ्या. माउंटच्या जाडीची फट पुरते.

मखमलीचंही सांगतो, कारण तिचा हट्ट सगळ्यांचा असतो. लोकरीचं फेल्ट, काही मखमली, रबर आणि रबराचा डिंक यांतून गंधक सुटतं आणि त्याने चांदी काळी पडते. राष्ट्रपती पोलीस पदक चांदीचं, वर सोन्याचा मुलामा. ते मखमलीवर ठेवून वर रबरबँड गुंडाळणारे लोक मी पाहिले आहेत. धुतलेलं, रंग न दिलेलं सुती कापड लावा, तेही दिसतं चांगलं. आणि मेडल काळवंडलं तर चिंच-मीठ नको. तांब्या-पितळेची भांडी घासतात तसं घासलं की अक्षरांची धार जाते, सोन्याचा मुलामा तर एका दिवाळीत उडतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि सोडून द्या.

भिंत कुठली, हाही प्रश्नच. चाळीत आणि जुन्या इमारतींत पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते, फ्रेम त्याच भिंतीवर, कारण दार उघडलं की समोर दिसायला हवी. निदान मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा फिरेल. खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन थेट येतं, तिथे सही पहिली जाते. मी हल्ली गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, सर्टिफिकेटची चांगली रंगीत प्रत काढा, ती मेडलसोबत लावा, मूळ कागद सपाट फाइलमध्ये कपाटात ठेवा. निम्मे ऐकतात. बाकीच्यांना "झेरॉक्स" हा शब्दच अपमानास्पद वाटतो.

पण एका कागदाची गोष्ट सांगतो. भायखळ्याच्या एका घरातून 14 एप्रिल 1944 च्या गोदीतल्या स्फोटाच्या वेळचं कौतुकपत्र माझ्याकडे आलं. फोर्ट स्टिकिन बोटीच्या त्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले, अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला असतो. हे पत्र त्या स्फोटातून जो जिवंत वाचला त्याचं. कागद पत्र्याच्या ट्रंकेत धोतरांच्या घड्यांखाली सपाट पडून राहिलेला. घडीची एक रेघ सोडली तर खणखणीत, टाइपरायटरची अक्षरं बोटाला लागत होती. कोणी फ्रेम केली नाही म्हणून वाचला, असं फ्रेमवाल्याने म्हणणं बरं दिसत नाही, पण तसंच आहे.

आता देणाऱ्यांकडे वळतो. सरकारी खाती, क्रीडा संघटना, शाळा, गणेश मंडळं, सगळे हल्ली पदक आणि प्रमाणपत्र देतात. मोठ्या हौसेने देतात. पण प्रमाणपत्राला मार्जिन ठेवत नाहीत. नक्षी थेट कागदाच्या टोकापर्यंत, आणि अध्यक्षांची सही तळाला टेकलेली. माउंट लावला की एक तर नक्षी झाकते, नाही तर अध्यक्ष. दोन बोटं कोरी जागा चारी बाजूंनी सोडायला छापखाना जास्त पैसे घेत नाही. सही जेल पेनने करू नका. गुंडाळी करून देऊ नका. आणि कृपा करून लॅमिनेट करून देऊ नका. गरम रोलरखाली प्लास्टिकचा डिंक कागदात मुरतो, तो नंतर कोणालाच काढता येत नाही. गेल्या वर्षी एका शाळेने शंभर टक्के हजेरीची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून वाटली आणि पालक ती "प्लास्टिक काढून" फ्रेम करायला माझ्याकडे घेऊन आले.

मॅरेथॉनवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं मेडल जड आणि रिबन गळ्यात घालायची, लांबच लांब. प्रमाणपत्र ते स्वतः प्रिंट काढून आणतात, थेंब पडला की शाई पसरते. ती रिबन मी मागे नागमोडी घडी करून बसवतो. एकाला तिच्यावरचा घामाचा डाग पुढून दिसायला हवा होता. तसं करून दिलं.

हवालदारकाकांच्या मुलाची फ्रेम मी नवी करून दिली आहे. सर्टिफिकेटवरची बुरशी मऊ ब्रशने झाडली, डाग राहिले. मेडलच्या बाजूला माउंटला छोटी फट ठेवून कड जरा उचलून बसवली, म्हणजे डावीकडून पाहिलं की नाव दिसतं. शेवटची दोन अक्षरं नाहीत.

महाराष्ट्र दिनाला पोलीस महासंचालकांची सन्मानचिन्हं मिळालेले लोक आता येऊ लागतील. त्या चिन्हाला मागे पिन असते आणि ते फ्रेममध्ये सपाट बसावं म्हणून बरेच जण घरीच पकडीने ती पिन मोडून आणतात. निदान तेवढी मोडू नका. पिनेसाठी माउंटला भोक पाडायला मला दोन मिनिटं लागतात.

आपला नम्र,
एक फ्रेमवाला, नायगाव, दादर (पूर्व)