आधी पाट्या वर, मग पुढचा धडा

बर्मिंगहॅम,
८ मार्च

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर यातलं निम्मं राहून गेलं असतं, म्हणून सविस्तर लिहायलाच बसले. साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागले, म्हणजे हंगाम संपला, की दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेली लेकरं तुझ्या वर्गात परत येतील. तू विचारलंस, "अक्का, अभ्यासक्रम पुरा करू की या लेकरांना धरून बसू?" मी म्हणते, आधी कोणाला काय येतं ते बघ, मग ठरव. आणि ते सत्राच्या शेवटी चाचणी घेऊन बघण्यात अर्थ नाही. रोज बघ, तास चालू असतानाच.

इथं माझ्या वर्गात प्रत्येक मुलाकडं वहीएवढा एक पांढरा फळा असतो. प्रश्न विचारला की सगळे लिहितात आणि मी खूण केली की एकदम वर धरतात. मागच्या आठवड्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना विचारलं, ०.३५ मोठा की ०.४? निम्म्याहून जास्त फळ्यांवर ०.३५ होतं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे! हात वर करायला सांगितलं असतं तर नेहमीच्या चार हुशार पोरांनी बरोबर उत्तर दिलं असतं आणि बाकीच्यांचा घोळ तसाच राहिला असता.

तुझ्या लेकरांकडं पाट्या आहेतच. त्यांना ५२ वजा २७ दे. कुणी बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. "एक, दोन, तीन, पाट्या वर!" काही पाट्यांवर तुला ३५ दिसेल. लेकराला वजाबाकी येत नाही असं त्यावरून समजू नकोस. त्यानं सातातून दोन घालवले, कारण मोठ्यातून लहान जातो एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याला आणखी दहा उदाहरणं देऊन काही होणार नाही. तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढं ठेव. "यातून सत्तावीस मला दे" म्हण. सात सुट्या कुठून आणायच्या हा प्रश्न त्याला स्वतःला पडू दे. तो आपण होऊन एक गठ्ठा सोडेल, आणि दशक उसना घेणं म्हणजे काय ते त्याच्या हाताला कळेल. फळ्यावरची मांडणी त्यानंतर. गणित पेटीतलं साहित्य कपाटात कुलपात असेल तर ते काढून लेकरांच्या हातात दे, खराब झालं तर होऊ दे.

दुसरं, प्रश्न विचारल्यावर थांबत जा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं मोठी येतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. तुझ्या तांड्यावरच्या लेकरांना तर आधी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, विचार करून मग मराठीत सांगायचं असतं. त्यांना आणखी वेळ दे. अडलं तर त्यांच्या बोलीत सांगू दे, चौथीतली एखादी पोरगी तुला समजावून सांगेल. माझ्याकडं इंग्रजीचा गंधही नसलेली मुलं वर्षाच्या मध्येच येतात. भाषा नाही म्हणून त्यांना गणित येत नाही असं धरणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तुमची शाळा द्विशिक्षकी आहे, चार वर्ग दोघांत. त्याचा फायदा करून घे. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेव आणि कुणाला काय येतं त्यावरून गट कर. तिसरीतला अक्षरओळखीवर अडला असेल तर तो त्या गटात बसेल, त्यात लाज कसली! आपल्या मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं हीच पद्धत वापरली. त्यावर काम करणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढं २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्या दिवाळीला लेकरं निघतील तेव्हा शिक्षण हमी कार्डाबरोबर (स्थलांतर करणाऱ्या लेकरांना दुसऱ्या शाळेत दाखवायला मिळतं ते) एक चिठ्ठी दे: "हातच्याची बेरीज येते. वजाबाकीत उसना घेताना अडतो. जोडाक्षरं अजून नाहीत." फडाजवळच्या शाळेतल्या गुरुजींना इयत्तेच्या आकड्यापेक्षा या तीन ओळींचा जास्त उपयोग होईल.

आता तुझ्या स्वतःच्या शिकण्याचं. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. ते तू मोबाईलवर व्हिडिओ पुढं ढकलत पुरे करशील, पण त्यानं हात बसत नाही. इथं नव्या शिक्षकाला पहिली दोन वर्षं एक मार्गदर्शक असतो आणि तास कमी असतात, पहिल्या वर्षी दहा टक्के, दुसऱ्या वर्षी पाच. सध्या एका नव्या बाईंच्या तासाला मी बसते. मी फक्त बाकांचा नकाशा काढला आणि प्रश्न ज्याच्याकडं गेला तिथं टिंब दिलं. सगळी टिंबं खिडकीकडच्या दोन रांगांत! मी एक शब्दही बोलले नाही, त्यांनीच कागद बघितला आणि दुसऱ्या दिवशीपासून भिंतीकडच्या मुलांचीही नावं घ्यायला लागल्या.

तुला मार्गदर्शक कोणी नेमून देणार नाही, हे मला माहीत आहे. बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती, यातून वेळ काढणं किती अवघड आहे हेही ठाऊक आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तरी तुमच्या सरांना म्हण, "आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं माझ्या वर्गात बसा आणि एवढंच टिपा." नंतर तू त्यांच्या वर्गात बस. वयानं मोठे आहेत, म्हणून आधी तू बोलाव. तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत बोलायची पाळी आली तर भाषण करू नकोस, ती ३५ वाली पाटी घेऊन जा आणि विचार, "या लेकराला तुम्ही उद्या काय शिकवाल?" जपानमधले शिक्षक गेली शंभरहून जास्त वर्षं असाच एकेक पाठ मिळून ठरवतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडं बघत बसतात आणि मग चर्चा करतात.

आईचं बीपी तपासून आण, गोळ्या संपायच्या आधी. अण्णांना नमस्कार. पाट्यांचे फोटो पाठव, चुकलेल्या आधी, रविवारी त्यावर बोलू.

तुझी,
अक्का