"काहीही बनवा" म्हणण्याआधी ६० हा आकडा सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत घरगुती दुरुस्तीवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यातलं एक वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे आणा आणि घरात काहीही तुटलं की हाताने बनवून टाका, असं त्यात लिहिलंय. काहीही नाही हो! मी दीड वर्ष हाच उद्योग करतोय आणि या "काहीही"च्या नादात दोनदा तोंडघशी पडलोय, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे हे सुरू झालं आईच्या अंगठ्यापासून. संधिवात आहे, मुठीत काही धरवत नाही. हॉस्पिटलमधल्या थेरपिस्ट मॅडमनी एक पांढरी शीट गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडली, ती थोड्या वेळात ओल्या पापडासारखी लुळी पडली, मग पुसून आईच्या अंगठ्याभोवती बसवली आणि बघता बघता कडक स्प्लिंट, म्हणजे अंगठ्याला आधार देणारं कवच, तयार. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाल्या पीसीएलच्या जातीचं प्लास्टिक, पीसीएल म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, याचे दाणेही मिळतात. घरी येईपर्यंत रिक्षातच ऑर्डर टाकली.

दाणे दिसायला अगदी कच्च्या साबुदाण्यासारखे. स्टीलच्या पातेल्यात पाणी घ्यायचं, खळखळ उकळायची गरज नाही, ६५-७० डिग्री पुरे, त्यात दाणे टाकले की ते शिजलेल्या साबुदाण्यासारखेच पारदर्शक होतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होतो. तो चमच्याने काढायचा, आत अडकलेलं गरम पाणी दाबून काढायचं (हे विसरलात तर बोटं पोळतात, अनुभव आहे) आणि कणकेसारखा मळायचा. प्लास्टिकच्या वाटीत मात्र करू नका, तिलाच चिकटून बसतो, आमची एक वाटी गेली. गार झाला की परत पांढरा होतो, म्हणजे समजायचं की कडक झाला.

पहिलं काम केलं सोलाण्याचं. त्याच्या बारीक दांडीभोवती लिंबाएवढा गोळा लपेटला, आईच्या हातात दिला आणि म्हटलं, आता दाबून धर. तिची चारही बोटं त्यात रुतली, अंगठा जिथे टेकतो तिथे खळगा पडला, तसंच गार पाण्यात बुडवलं. त्या दिवशी तिने कित्येक महिन्यांनी स्वतः दुधी सोलला आणि वर मला ऐकवलं की साल जाड निघतेय.

मग काय, आपण म्हणजे कारागीरच! उलथन्याची मूठ फुटली होती, तीही त्यातच केली. धिरडी करताना उलथनं तव्यावर राहिलं, दांडी तापली आणि मूठ कुल्फीसारखी ओघळून ओट्यावर. दुसरी फजिती गाडीत. मोबाईलसाठी डॅशबोर्डवर झकास स्टँड बनवला, जानेवारीत केला तेव्हा सगळ्यांना दाखवत होतो. मे महिन्यात आमच्या नागपुरात गाडी दोन तास उन्हात उभी राहिली, परत येऊन बघतो तर स्टँड आडवा झोपलेला. हे प्लास्टिक ६० डिग्रीच्या आसपासच वितळतं आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात ७० पर्यंत सहज जातो, तेव्हा चूक प्लास्टिकची नाही, माझीच.

म्हणून आता आधी बघतो की वस्तू कुठे राहणार. उन्हाची किंवा आचेजवळची असेल तर दाणे बाजूला. तिथे आपलं एम-सील, दोन कांड्या एक रंग होईपर्यंत मळायच्या, रात्रभर ठेवायचं, एकदा कडक झालं की मऊ होत नाही. पण मग चुकलं तर चुकलंच, तासत बसा, आणि मळताना ग्लोव्हज घालाच, काहींच्या कातडीला त्यातलं इपॉक्सी (कडक होणारं रसायन) सोसत नाही. आचेला लागून असलेल्या भांड्याला मात्र तेही नको, सरळ नवी मूठ विकत आणावी. भाच्याने लंडनहून सुगरू नावाचं हाताने मळून चिकटवायचं पुट्टीसारखं काहीतरी आणलं होतं, ते सिलिकॉनचं, हवेतल्या ओलीने २४ तासांत रबरासारखं होतं आणि १८० डिग्रीपर्यंत टिकतं, चार्जरच्या वायरीला एक नंबर, पण पाकिटावरची तारीख उलटली की आतल्या आत दगड. आणि दागिने करतात ती पॉलिमर क्ले म्हणजे मुळात पीव्हीसी, ती ओव्हनमध्ये साधारण १३० डिग्रीला भाजावी लागते, तिचं नि या दाण्यांचं काही नातं नाही. दुकानदार मात्र दोन्हीला क्लेच म्हणतो.

खरी तक्रार पुढेच आहे. मी ऑनलाइन मागवलेल्या दुसऱ्या पाकिटावर नुसतं "मॅजिक बीड्स" आणि हसणाऱ्या मुलाचा फोटो. कुठलं प्लास्टिक, किती डिग्रीला मऊ होतं, पोळण्याचा धोका, काही म्हणजे काही नाही. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "सर, गुड क्वालिटी." लहान मुलं गरम पाण्याशी खेळणार अशी वस्तू, तिच्यावर एवढं तरी छापायला नको का? पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा पदार्थाचं नाव आणि मऊ होण्याचा आकडा चौकटीत जरूर द्या, वाचक पाकीट उलटून तेच शोधतील.

त्या झोपलेल्या स्टँडला परत गरम पाण्यात टाकलं होतं. सध्या तो देवघराच्या खणाची मूठ आहे, आणि देवघर सावलीत आहे.

आपला एक वाचक,
नागपूर