एक पात खुरपणाऱ्या फिजिओ मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं लिहितोय.

धारूरच्या डोंगरपट्ट्यात बाईची कंबर धरली की पुढची वाट ठरलेली. आधी सुई, मग चार रंगांच्या गोळ्यांची पुडी, मग कमरेला पट्टा आणि शेवटी हुकूम: खाली बसू नका, वाकू नका, ओझं उचलू नका. हा हुकूम पाळायचा तर चूल कोण पेटवणार आणि खुरपायला कोण जाणार, हे हुकूम सोडणाऱ्यानं कधी विचारलं नाही. एका दवाखान्यात तर एक्स-रेचा फोटो उजेडात धरून "मणका झिजलाय" एवढंच सांगून बाईला परत पाठवलं. पन्नाशीतल्या बहुतेकांच्या फोटोत थोडीफार झीज दिसतेच, त्यातल्या कितीतरी जणांचं काहीही दुखत नसतं, हे सांगायला किती वेळ लागला असता? ती बाई मणका मोडेल या धास्तीनं महिनाभर बाजेवर पडून राहिली आणि उठली तेव्हा पायातलं बळही गेलेलं होतं. साध्या कंबरदुखीत एक-दोन दिवसांहून जास्त झोपून राहणं नुकसानच करतं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला, समितीही बसली. कंबर दुखते म्हणून पिशवी काढून घेतलेल्या आणि कंबर तशीच राहिलेल्या बायांचं ऐकून घ्यायला इथं मात्र कुणी बसलं नाही.

तुम्ही बसलात, तेही उकिडव्या. "म्याडम, खाली बसू नको म्हंत्यात, मंग खुरपावं कसं?" असं मावशीनं विचारल्यावर तुम्ही उत्तर दिलं नाही. चपला बांधावर काढल्या, तिच्या शेजारची पात, म्हणजे पिकाची ओळ, धरली आणि खुरपं मागून घेतलं. पात संपेपर्यंत उठला नाहीत. तुमची पात वाकडीतिकडी झाली, दोन सरकीची रोपंही गेली, त्यावर बाया हसल्या. उठताना तुम्ही कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणालात आणि मग म्हणालात, "बसण्यात खोट नाही मावशी, न उठण्यात आहे."

त्या दिवशी मावशीला व्यायाम मिळाला तो तिच्या कामाच्या मापात. पात संपली की उठायचं, तळहात कमरेवर मागून टेकवायचे, गुडघे ताठ ठेवून मागं वाकायचं, 5-6 वेळा, आणि मग दुसरी पात धरायची. घड्याळ लागत नाही, कागद लागत नाही. पात हीच आठवण. पुढं वाकून तासभर राहिलं की मणक्यामधल्या गादीवर आणि मागच्या बंधांवर एकाच बाजूनं ताण येत राहतो, तो मोडायला अर्धं मिनिट पुरतं. संध्याकाळी पालथं झोपून तळहात टेकवून छाती उचलायची, 10 वेळा; ओटीपोट जमिनीवरून सुटता कामा नये. बहुतेक जणी नेमक्या तिथंच चुकतात, ढुंगण उचलतात आणि फायदा निघून जातो. यातली खरी खूण तुम्ही सांगितलीत ती आता इथं प्रत्येक आशाताईला पाठ आहे. पोटरीतली कळ वर सरकत कमरेत आली, तर कमरेत जरा जास्त दुखलं तरी चालू ठेवायचं. कळ खाली पायात उतरू लागली तर तिथंच थांबायचं. आणि लघवी अडकली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर व्यायाम नाही, पट्टा नाही, त्याच दिवशी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं.

किती दुखलं तर चालेल, हा प्रश्न दहापैकी आकड्यात विचारला की म्हातारी नुसती तोंडाकडं बघते. तुम्ही विचारलंत, "रुपयात किती आणे?" इथल्या म्हाताऱ्या आजही "बारा आणे बरं वाटतंय" असंच सांगतात. व्यायाम करताना आठ आण्यांपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं मूळ जागी यायला हवं. नाही आलं तर व्यायाम सोडायचा नाही, निम्मा करायचा. ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर कितीतरी जणींनी पहिल्या दुखण्यालाच व्यायाम टाकला नसता.

गुडघ्यांचं तुम्ही बाजेवर भागवलंत. बाजेवर वाकळीच्या चार घड्या घालायच्या, त्यावरून हात न टेकता उठायचं आणि 3 मोजत सावकाश बसायचं. 10 वेळा, मधे दम घेऊन असे 3 फेरे, एक दिवसाआड. जमू लागलं की आठवड्याला एक घडी काढायची. बाज जेवढी खाली, तेवढं मांडीला काम जास्त. चुका दोनच होतात. गुडघे आत एकमेकांकडं पडतात, आणि शेवटच्या वीतभरात बाई धप्पकन बसते. नेमका तो वीतभरच मांडी कमवतो. पहिल्या 2-3 आठवड्यांत वाटणारा फरक नसांचा असतो, स्नायूला कामावर लावायला त्या शिकतात. मांडी खरोखर भरायला 8 ते 12 आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात "आता बरंय" म्हणून सोडणाऱ्या पंधराव्या आठवड्यात पुन्हा दारात येतात.

कोयत्याचं कोपर हे तर या भागाचं खास दुखणं. भरलेला तांब्या हात लांब करून, पंजा पालथा ठेवून उचलला की कोपराच्या बाहेरच्या हाडाशी सणक जाते. त्यावर स्टेरॉइडची सुई मारून मिळते. चार-सहा आठवडे सुख वाटतं, पण वर्षभरानं बघितलं तर सुई घेतलेल्यांची गत न घेतलेल्यांपेक्षा वाईट असते, दुखणं उलटतं. तुम्ही आधी कोयता हातात घेऊन बघितलात. मूठ बारीक असली की पकड आवळावी लागते, धार गेली की आणखी आवळावी लागते, आणि पकड आवळली की मनगट मागं खेचणारे स्नायू त्याच हाडाला ओढतात. म्हणून पहिला उपाय धार आणि मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन वेढे. मग हात मांडीवर, मनगट गुडघ्याबाहेर, पंजा पालथा, अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरून 45 सेकंद स्थिर, मधे 2 मिनिटं दम घेत 5 वेळा. दोन आठवड्यांनी बाटली दुसऱ्या हातानं वर न्यायची आणि दुखऱ्या हातानं 4 मोजत खाली सोडायची, 15 वेळा, 3 फेरे. स्नायूचं टोक हाडाला जिथं चिकटतं ती जागा आरामानं मजबूत होत नाही, हळूहळू वाढवत नेलेल्या ओझ्यानं होते. तोडणीवर गेलेल्या जोडीला सुट्टी सांगण्यात तर अर्थच नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात.

टाचदुखी आणि मुरगळलेला पाय यांवर फार लिहीत नाही. टाचेसाठी पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, 3 मोजत टाच वर, 2 थांबा, 3 मोजत खाली, 12 वेळा, एक दिवसाआड. मुरगळलेला पाय चोळून "बसवायला" नेण्याआधी माणसाला चार पावलं टाकता येतात का आणि घोट्याच्या हाडाची मागची कड दाबून दुखते का, एवढं बघायचं. चार पावलं टाकता आली नाहीत किंवा ती कड दुखली, तर फोटो काढायचा.

खांद्याबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. हात वर जात नाही म्हणून आलेल्या काकूंची तुम्ही आधी साखर तपासायला लावलीत. कोपर कुशीला लावून पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा. दुसऱ्यानं फिरवूनही जात नसेल तर बहुधा खांदा गोठलाय, आणि मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं. अशा खांद्याला हिसका देणारे आम्ही पाहिलेत. तुम्ही टेबलाला एक हात टेकवून वाकायला लावलंत, दुखरा हात विहिरीवरच्या दोरीसारखा सैल सोडून गोल फिरवायला सांगितलंत आणि वर हेही सांगितलंत की याला महिने लागतात, काही जणांना वर्षाहून जास्त. खरं सांगितल्यामुळे काकू टिकल्या.

बरं करणारी माणसं पुष्कळ असतात. समोरच्याचं काम काय आहे हे आधी बघणारी फार थोडी. शिकलेल्या माणसानं अडाणी बाईच्या हातातलं हत्यार मागून घेणं आणि तिच्यापुढं चुकायला न लाजणं ही सभ्यता कुठल्या पदवीत शिकवत असतील तर आम्हाला माहीत नाही. मावशी अजून सगळ्यांना सांगते, "म्याडमला खुरपता यीना, पर बसल्या की वं." तिची कंबर किती आणे बरी झाली हे ती नंतर सांगते.

टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर निघतील, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततील. एका कोयत्याला दोन माणसं. त्यातल्या बाईनं दिवसभर मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहायच्या. मोळी दोघांनी मिळून उचलायची, एक पाय पुढं, ओझं अंगाजवळ, उचलताना श्वास कोंडायचा नाही, एवढं निघण्याआधी प्रत्येक टोळीला दाखवायचं ठरलंय. मुकादमांपैकी तिघं हो म्हणालेत, एक टाळतोय. तुम्हाला दोन दिवस काढता आले तर बघा. सायकलच्या दुकानांतून जुन्या ट्यूबा जमवायला सुरुवात केलीय, एक पोतं भरलंय.

आपल्या,
उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताई
तालुका धारूर, जिल्हा बीड